मूळपुरुषाचा माग: अकादियातील घराण्यांचा शोध कुठवर आला?

१६७१ साली लोरां मोलँ नावाचा पाद्री पोर्ट रॉयलच्या वसाहतीत घरोघर हिंडून माणसे मोजत होता. घरधन्याचे नाव, वय, धंदा, बायको, मुले, गुरे, मेंढ्या, लागवडीची जमीन, एवढे विचारायचे आणि लिहून घ्यायचे. पिंपे बनवणाऱ्या पिएर लानूला वय विचारले, तर आपली तब्येत ठणठणीत आहे म्हणाला आणि वय काही सांगेना. एतिएन रोबिशो हा शेतकरी पाद्र्याला भेटलाच नाही. तो घराबाहेर निघून गेला आणि गुराढोरांचा, जमिनीचा हिशेब मिळणार नाही, असा निरोप त्याने बायकोकडून दिला. शिंपीकाम करणाऱ्या पिएर मेलांसोंच्या बायकोने तर असल्या कामासाठी रस्तोरस्ती फिरायला तुम्हाला वेड लागले आहे का, असे तोंडावर विचारले. मोलँने हे नकारही नोंदवून ठेवले. कर बसेल या भीतीने गप्प बसणारी ही माणसे पुढे हजारो कुटुंबांचे मूळपुरुष ठरली आणि त्या कुटुंबांतले लोक आज तीच अर्धवट उत्तरे पुन्हा पुन्हा वाचत असतात.

अकादिया म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि आसपासचा समुद्रकाठ. फ्रेंचांनी १६०५ मध्ये पोर्ट रॉयल वसवले, पण सुरुवातीला ते फरच्या व्यापाऱ्यांचे, बिनबायकांचे ठाणे होते. संसार घेऊन लोक येऊ लागले ते १६३२ मध्ये इझाक द राझिली किनाऱ्यावरच्या ला एव्ह इथे उतरल्यानंतर. राझिली वारल्यावर त्याचा चुलतभाऊ शार्ल द मनू दोल्ने याने ला एव्हची वस्ती पोर्ट रॉयलला हलवली. भरतीच्या खाऱ्या दलदलीला बांध घालायचा, बांधात लाकडी झडप बसवायची, ओहोटीला आतले पाणी जाऊ द्यायचे आणि भरतीला झडप मिटून समुद्र अडवायचा, ही तिथली शेतीची रीत. कोकण-गोव्यातली खाजणे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. १६७१ च्या मोजणीत साऱ्या अकादियात जेमतेम चारशे माणसे भरली. १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने हा प्रदेश ब्रिटनकडे गेला आणि १७५५ मध्ये ब्रिटिशांनी या लोकांना घरादारासकट उपटून काढले. १७६३ पर्यंत दहा हजारांहून अधिक माणसे देशोधडीला लागली. त्यांचे वंशज आज कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत, क्युबेकमध्ये, अमेरिकेच्या मेन राज्यात, फ्रान्समध्ये आणि केजन म्हणून लुइझियानात राहतात.

इतक्या थोड्या घरांतून इतका मोठा समाज वाढला, की वंशावळ काढायला बसलेला माणूस आठ-दहा पिढ्या मागे जाताच त्याच चाळीस-पन्नास जोडप्यांवर येऊन पोचतो. अडचण त्याच्याही मागे जाताना येते. ही जोडपी फ्रान्समधल्या कोणत्या गावची? त्यांचे आईबाप कोण? बायको सोबत आली होती, की इथलीच मिकमाक जमातीतली होती? दीडशे वर्षे अभ्यासक या प्रश्नांशी झगडत आहेत. यातली सगळ्यांत मोलाची कामगिरी नवी नावे सापडण्यात आहे असे मला वाटत नाही. कोणता दुवा कागदावर टिकतो आणि कोणता केवळ हौसेपोटी जोडला गेला आहे, याची पारख आता बरीच नीट झाली आहे, ती मला जास्त मोलाची वाटते.

माग कसा लागतो हे पाहायला गियोम त्राहां हा लोहार बरा, कारण त्याच्याइतके कागद फार थोड्यांचे हाती आहेत. १३ जुलै १६२७ रोजी शिनों गावातल्या सेंतेतिएन चर्चमध्ये त्याचे फ्रांस्वाज कोर्बिनोशी लग्न लागले. नोंदीत त्याच्या बापाचे नाव निकोला, आईचे रने देलोज, आणि गाव मोंत्रॉय-बेले. नऊ वर्षांनी, १६३६ च्या एप्रिलमध्ये ‘सें-जां’ हे जहाज ला रोशेलहून अकादियाकडे निघाले. त्याची उतारूंची यादी उरली आहे, आणि पुढे आर्कांज गोदबू या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १९४४ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. यादीत बूर्गॉय भागातल्या लोकांत गियोम त्राहां आहे. धंदा धारदार हत्यारे घडवण्याचा, सोबत बायको, दोन मुले आणि एक गडी.

यानंतर अठरा वर्षांनी तो पुन्हा दिसतो, आणि आता तो गावचा पुढारी झालेला असतो. ऑगस्ट १६५४ मध्ये रॉबर्ट सेजविकच्या इंग्लिश तुकडीने पोर्ट रॉयलला वेढा घातला. किल्लेदार झेर्मँ दूसे याने शरणागती पत्करली तेव्हा तहात रहिवाशांचा प्रतिनिधी म्हणून त्राहांचे नाव आले, आणि त्याचा जावई, शल्यवैद्य जाक बूर्ज्वा, इंग्रजांकडे ओलीस राहिला. मग येते १६७१ ची मोजणी. त्यात गियोमचे वय साठ, बायको मादलेन ब्रँ पंचवीस वर्षांची, आणि तीन लहान मुलगे. फ्रांस्वाज मधल्या काळात केव्हातरी वारली असणार. तिच्या मृत्यूची नोंद उरलेली नाही. जावयाच्या घरी तिची मुलगी जान चाळीस वर्षांची आहे आणि तिला दहा मुले आहेत.

आता वयांचा हिशेब लावून पाहा. १६७१ मध्ये साठ वर्षांचा माणूस १६११ च्या सुमारास जन्मलेला असायला हवा, म्हणजे १६२७ च्या लग्नात तो सोळा वर्षांचा ठरतो. तेव्हाच्या फ्रान्समधल्या कारागिराचे लग्न इतक्या लवकर होत नसे. म्हणजे मोजणीतले वय पाच-दहा वर्षांनी कमी पडते, हे उघड आहे. मादलेनचे वय मात्र जुळते. ला शोसे या गावच्या चर्चमध्ये जानेवारी १६४५ ची तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, आईबाप व्हँसां ब्रँ आणि रने ब्रो. पंचवीस आणि सव्वीस यांतल्या फरकाला कोणी हटकणार नाही. एकाच घरातल्या दोन माणसांच्या वयांपैकी एक विश्वासाचे निघते आणि दुसरे ढोबळ, म्हणून जाणता अभ्यासक मोजणीतल्या वयापुढे नेहमी ‘सुमारे’ लिहितो. हौशी वंशावळींतून हा ‘सुमारे’ पहिल्याच नकलेत गळतो आणि दोन-तीन नकलांनंतर तिथे पक्की जन्मतारीखही उगवते.

त्राहांसारखी साखळी अपवादानेच मिळते. रोबेर कोर्मिये या जहाजबांधणीच्या सुताराचे ठावठिकाण कळते ते १६४४ मध्ये ला रोशेलच्या एका नोटरीपुढे झालेल्या तीन वर्षांच्या नोकरीच्या करारावरून. त्यात बायको मारी पेरो आणि मुलगा तोमा यांचीही नावे आहेत. पण बहुतेकांच्या बाबतीत १६७१ ची मोजणी हाच पहिला कागद. पोर्ट रॉयलच्या चर्चची सलग नोंदवही उरली आहे ती १७०२ पासूनची. त्याआधी १६९० मध्ये विल्यम फिप्सच्या बॉस्टनहून आलेल्या आरमाराने गाव आणि चर्च लुटले होते. बोबासँ गावच्या चर्चची वही १६७९ पासून सुरू होते, पण मध्येच पंचवीसेक वर्षांची पाने गायब आहेत. पिझिकीद भागातल्या चर्चांच्या वह्या तर नाहीतच, आणि त्राहां घराण्याच्या अनेक शाखा नेमक्या तिथेच नांदत होत्या.

ग्रां-प्रे गावच्या वहीची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती मला मनापासून हलवते. ५ सप्टेंबर १७५५ रोजी जॉन विन्स्लो या अधिकाऱ्याने ४१८ पुरुषांना आणि मुलग्यांना चर्चमध्ये बोलावून दारे बंद करून घेतली आणि त्यांची जमीन, घरे, गुरे जप्त झाल्याचे ऐकवले. जहाजावर हाताला लागेल तेवढे सामान घेऊन चढताना कोणीतरी चर्चची जुनी नोंदवही सोबत घेतली. कोणत्या कुटुंबाने, हे लिहिलेले नाही. ती वही हद्दपारीतून फिरत फिरत लुइझियानात पोचली, आणि आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या दप्तरात आहे. १७०७ पासून १७४८ पर्यंतचे जन्म, लग्ने, मृत्यू त्यामुळे वाचले. भांडीकुंडी टाकून पूर्वजांची नावे उचलणाऱ्या त्या हातांचे ऋण या साऱ्या शोधावर आहे.

जिथे वही नाही तिथे काय करायचे? या शास्त्राचे सगळ्यांत हुशार साधन इथे कामाला येते. कॅथलिक चर्च चौथ्या पिढीपर्यंतच्या नातलगांत लग्न होऊ देत नसे. पण चारशे माणसांपासून वाढलेल्या समाजात नात्याबाहेरचे स्थळ आणायचे कुठून? म्हणून पाद्री खास परवानगी देई आणि लग्नाच्या नोंदीत नात्याची पायरी लिहून ठेवी. आजोबा-आजी एक असतील तर दुसरी पायरी, पणजोबा-पणजी एक असतील तर तिसरी, त्याच्या मागची पिढी एक असेल तर चौथी. समजा १७१० च्या एका लग्नात तिसऱ्या-चौथ्या पायरीची परवानगी आहे. म्हणजे एकाचे पणजोबा ते दुसऱ्याचे खापरपणजोबा. वधू-वरांच्या ज्ञात पूर्वजांची उतरंड लावून जिथे जिथे नाते आधीच कळलेले आहे त्या वाटा वगळत गेले, की कधी कधी एकच वाट उरते. १६४० च्या आसपास आलेल्या दोन स्त्रिया सख्ख्या बहिणी असल्याखेरीज हे नाते बसतच नाही. फ्रांस्वा गोत्रोची बायको एदमे लजन आणि फ्रांस्वा साव्हवाची बायको कात्रीन लजन या बहिणी होत्या, हा निष्कर्ष असाच निघाला. त्यांचे नाते सांगणारा जन्माचा दाखला नाही. पण पणतवंडांच्या लग्नांत पाद्र्यांनी लिहिलेल्या पायऱ्यांनी ते उघड केले.

दुसरा मोठा ठेवा म्हणजे बेल-ईलच्या जबान्या. १७५५ मध्ये व्हर्जिनियाकडे पाठवलेल्या हजाराहून अधिक अकादियनांना ठेवून घ्यायला त्या वसाहतीने नकार दिला आणि त्यांना इंग्लंडला धाडले. लिव्हरपूल, ब्रिस्टल, फालमथ, साउथॅम्प्टन इथे सात वर्षे ते अडकून पडले आणि देवीच्या साथीत पुष्कळ दगावले. १७६३ मध्ये ते फ्रान्सला गेले आणि त्यांच्यातल्या काहींसह ७८ कुटुंबे १७६५ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर वसवली गेली. वह्या अमेरिकेत राहिलेल्या, म्हणून १७६७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कुटुंबप्रमुखांनी शपथेवर आपापली पिढीजात हकिकत सांगितली. हे लोक मूळपुरुषापासून तीन-चार पिढ्या दूर होते, पण आजीकडून ऐकलेले त्यांना आठवत होते.

त्या आठवणींवर विसंबावे किती? एका जबानीत झां ब्लांशार हा फ्रान्सहून बायकोसह आला असे म्हटले आहे आणि बायकोचे नाव दिले आहे ह्युगेत. मोजणीत मात्र ब्लांशारची बायको रादगोंद लांबेर. ह्युगेत ही त्यांची सून होती. दोन पिढ्यांची नावे एकमेकांत मिसळली. एवढ्यावरून जबानी फेकून द्यावी असे म्हणणारेही होते, आणि रादगोंद ही मिकमाक स्त्री होती असे ठासून लिहिणारेही. पण तोंडी आठवणीत नाव चुकते, तशी मोठी घटना चुकत नाही, हे ज्यांनी धरून ठेवले ते अखेर बरोबर ठरले. ते कसे, हे पुढे येईलच.

या सामग्रीवर काम करणाऱ्यांत पहिला मान फ्रेंच विद्वान एदम रामो द सें-पेर याचा. एकोणिसाव्या शतकात त्याने मोजण्या आणि बेल-ईलच्या जबान्या उजेडात आणल्या. त्याच्यामागून प्लासिद गोदे या अकादियन माणसाने आयुष्यभर हाताने टिपणे उतरवली, आणि त्यांतला काही भाग कॅनडाच्या सरकारी दप्तरखान्याच्या १९०५ च्या अहवालात छापला गेला. बोना आर्सनो या राजकारण्याचा अकादियनांचा इतिहास आणि वंशावळी सांगणारा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला आणि घरोघरी पोचला. लोकांत पूर्वजांची ओढ जागवण्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. तरीही त्यातली फ्रान्समधली गावे आणि सनावळ्या अनेक ठिकाणी आधाराविना आहेत आणि त्या चुका आजही हौशी वंशावळींतून वाहत आहेत. त्यांना बांध घातला स्टीव्हन व्हाइट यांनी. मोंक्टन विद्यापीठाच्या अकादियन अभ्यास केंद्रात बसून त्यांनी तयार केलेला १६३६ ते १७१४ या काळातल्या घराण्यांचा कोश १९९९ मध्ये दोन खंडांत आला. प्रत्येक विधानाखाली आधार, जबान्यांतली प्रत्येक चूक दाखवलेली, आणि जिथे आईबाप माहीत नाहीत तिथे रिकामी जागा. ती रिकामी जागा ठेवायला जे धैर्य लागते ते मला कुठल्याही शोधाइतकेच थोर वाटते.

फ्रान्समधल्या मुळांबाबत सगळ्यांत गाजलेले मत झनव्हिएव्ह मासिन्यों या भाषाअभ्यासक बाईंचे. अकादियनांच्या बोलीवरच्या १९६२ च्या ग्रंथात त्यांनी आडनावे ताडून पाहिली आणि दोल्नेच्या आईच्या जहागिरीतल्या, लूदँजवळच्या ला शोसे, मार्तेझे या गावांतून बरीच कुटुंबे आली असावीत असे मांडले. ब्रँ कुटुंबाचे बाप्तिस्मे तिथे सापडतात, हे आपण पाहिलेच. ला शोसेत आज अकादियाचे एक छोटे संग्रहालयही आहे. पण नुसते आडनाव जुळणे म्हणजे माणूस जुळणे नव्हे. त्या प्रदेशात ब्रँ, बूर, तेरिओ ही नावे गावोगाव होती, आणि ठाम दाखले मिळाले ते अगदी मोजक्या घरांचे. मासिन्योंनी दिशा दाखवली. तिचे पुढे लोकांनी ठरलेले उत्तर करून टाकले, हा दोष त्यांचा नाही.

गेल्या वीस वर्षांत डीएनए तपासणी आली आणि काही जुने वाद मिटले, काही नवे उभे राहिले. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या तपासणीने सर्वांत मोठा धक्का दिला तो दूसे घराण्याला. १६४१ च्या सुमारास जन्मलेला झेर्मँ दूसे हा किल्लेदार दूसेचा मुलगा असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात होते. त्याच्या थेट पुरुष वंशजांचा गट निघाला सी-पी३९, जो अमेरिकेतल्या मूलवासींचा आहे. घरातल्याच दुसऱ्या शाखेचा, पिएर दूसेचा, गट मात्र युरोपीय. म्हणजे धाकटा झेर्मँ रक्ताने मूलवासी होता. किल्लेदाराच्या घरात तो दत्तक म्हणून वाढला असावा, हा त्यावरचा सर्वांत पटणारा अर्थ. आणि उलट बाजूने, आईकडून लेकीकडे जाणाऱ्या डीएनएने रादगोंद लांबेरचा वाद मिटवला. तिचा गट एक्स२बी, युरोपीय. ज्या जबानीत तिचे नाव चुकले होते, त्याच जबानीत ती फ्रान्सहून आल्याचे बरोबर सांगितले होते. लजन बहिणींनाही कित्येकांनी मिकमाक ठरवले होते. त्यांच्या लेकींच्या वंशजांत सारखाच यू६ए गट सापडला, तोही मूलवासींचा नव्हे. लग्नांच्या परवानग्यांवरून निघालेला बहिणींचा निष्कर्ष त्यामुळे आणखी पक्का झाला.

इथे एका नाजूक गोष्टीला हात घालायला हवा. फ्रेंच आणि मूलवासी यांचे विवाह अकादियात झाले, हे निर्विवाद आहे. शार्ल द ला तूरला मिकमाक स्त्रीपासून मुलगी होती, सें-कास्तँने अबेनाकी जमातीतल्या सरदाराच्या मुलीशी लग्न केले, फिलिप म्यूस दाझीच्या संततीत मिकमाक कुटुंबे आहेत. या नात्यांमुळेच वसाहत टिकली, असेही म्हणता येईल. पण अलीकडे सतराव्या शतकातल्या एकाच पूर्वजेच्या जोरावर स्वतःला मूलवासी म्हणवून हक्क मागणाऱ्या संघटना वाढल्या आहेत. दारिल लरू यांनी २०१९ च्या ‘डिस्टॉर्टेड डिसेंट’ या पुस्तकात याची कठोर चिकित्सा केली. ज्या मिकमाक समाजाने जमिनीपासून मुलांपर्यंत सगळे गमावले, त्याच्या वाट्यावर दहा-बारा पिढ्यांपूर्वीच्या एका नावाने हक्क सांगणे मला अन्यायाचे वाटते. अशा वेळी नकली पूर्वजा उभी करणे ही निरुपद्रवी चूक राहत नाही.

आडनावांविषयी थोडक्यात सांगायचे तर उच्चार आणि लिहिणाऱ्याचा हात यांप्रमाणे ती बदलत गेली. तेरिओचे थेरिओ झाले, बूद्रोच्या शेवटी लुइझियानात एक्स हे अक्षर चिकटले, न्यू इंग्लंडमध्ये काही ल ब्लां व्हाइट झाले. टोपणनावे तर घराण्याइतकीच जुनी. १७६५ मध्ये दोनेकशे माणसांना लुइझियानात नेणाऱ्या झोझेफ ब्रूसारला सगळे बोसोलेय म्हणत. १७८५ मध्ये सात जहाजांतून सुमारे सोळाशे अकादियन फ्रान्सहून लुइझियानात गेले, त्यांत त्राहां पुष्कळ होते, आणि आडनाव त्यांनी बहुधा जसेच्या तसे ठेवले.

आता मोठी उणीव राहते ती बायकांच्या मुळांची. फ्रेंच पद्धतीत दप्तरात स्त्रीचे माहेरचे नाव लग्नानंतरही कायम राही, म्हणून निदान रादगोंद लांबेर, पेरीन रो, फ्रांस्वाज गोदे ही नावे उरली. पण मूळपुरुषांच्या शोधात आडनावाची वाट धरणाऱ्याला बायका दिसतच नाहीत. त्राहां आडनाव चालवणारे सगळे मादलेन ब्रँचे वंशज आहेत. फ्रांस्वाज कोर्बिनोचे रक्त उतरले ते तिच्या जान या मुलीतून बूर्ज्वांमध्ये, आणि तिथून नातींच्या सासरी. १६२७ मध्ये शिनोंच्या चर्चमध्ये उभी राहिलेली आणि १६३६ मध्ये दोन पोरे घेऊन महासागर ओलांडणारी ही बाई त्राहां कुटुंबांच्या बहुतेक झाडांत पहिली बायको म्हणून एका ओळीत संपते. तिची हजारो लेकरे मात्र इतर आडनावांनी नांदत आहेत. आता लूदँ, शिनों, बूर्गॉय भागातल्या चर्चच्या वह्या आणि ला रोशेलच्या नोटरींची दप्तरे संगणकावर वाचता येऊ लागली आहेत. त्यांत पुढचा शोध बायकांच्या माहेरांपासून सुरू व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. करार नवऱ्याच्या नावाने होत, पण जामीन राहायला सासरा, मेव्हणा, मामा येत, आणि बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मावशी-आत्या उभ्या राहत.